किती द्यावे, कधी थांबावे

घरातील मोठ्या माणसावर संकट आले, तर कुटुंब धीराने विचार करू शकते. लहान मुलावर संकट आले, की विचाराची जागा धावपळ घेते. सकाळी अंगणात खेळणाऱ्या मुलाला दुपारी ताप चढतो, हातपाय गार पडतात, श्वास जलद होतो आणि रात्र होण्याच्या आत ते अतिदक्षता विभागाच्या दाराआड जाते. दाराबाहेर राहिलेल्या माणसांच्या तोंडी मग एकच वाक्य असते. जे जे शक्य असेल ते सारे करा, खर्चाची पर्वा करू नका. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केलेल्या घरांतून हे वाक्य विशेष सहजपणे निघते. एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारी माणसे अशा वेळी तिजोरीची किल्ली डॉक्टरांपुढे ठेवतात. त्यात त्यांचे प्रेम असते आणि असहायताही असते.

या प्रेमाला एक गोष्ट समजणे फार अवघड जाते. गेल्या वीस वर्षांत अत्यवस्थ मुलांच्या उपचारांविषयी जे मोठे संशोधन झाले, त्याने पुनःपुन्हा एक अनपेक्षित उत्तर दिले आहे. अधिक दिल्याने अधिक भले होतेच असे नाही. काही वेळा कमी दिलेले मूल तितकेच बरे होते, आणि काही वेळा अधिक दिलेल्या मुलाला त्या अधिकाचीच बाधा होते.

अतिदक्षता विभागाचा जन्म मात्र अधिक करण्यातूनच झाला, हे आधी सांगणे न्याय्य होईल. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण एकामागून एक येऊ लागले. आरंभीच्या अशा ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. त्या वेळी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एक उपाय सुचवला. गळ्यावर छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालावी आणि तिला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून रुग्णाला श्वास द्यावा, असा तो उपाय होता. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर तो केला गेला आणि ती वाचली. पुरेशी यंत्रे नव्हती, म्हणून सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून आठवडेच्या आठवडे त्या पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण सुमारे ८७ टक्क्यांवरून काही महिन्यांत सुमारे २५ टक्क्यांपर्यंत उतरले. पुढे १९५५ साली स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे योरान हाग्लुंड यांनी केवळ मुलांसाठी असा विभाग सुरू केला.

त्यानंतर यंत्रे आली, औषधे आली, आणि त्यांच्याबरोबर काही रूढीही आल्या. काही उपचार प्रौढांवरून मुलांवर आले, काही केवळ तर्काला पटले म्हणून रुजले. रक्तदाब कमी होत असेल तर द्रव द्यावा, हिमोग्लोबिन उतरले तर रक्त चढवावे, मूल खात नसेल तर शिरेतून पोषण द्यावे. यांतील प्रत्येक गोष्ट आईच्या मायेलाही पटते. परंतु दोन सारख्या मुलांपैकी एकाला ती दिली व दुसऱ्याला दिली नाही, तर प्रत्यक्षात काय होते, हे मोजून पाहिलेले नव्हते.

हे सारे कुटुंबाच्या बाजूने कसे दिसते, हे जाणण्यासाठी कापडाच्या पेढीवर चाळीस वर्षे बसलेल्या एखाद्या आजोबांची कल्पना करावी. त्यांची चार वर्षांची नात आत आहे. रक्तात जंतुसंसर्ग पसरला आहे. दारातून पाच मिनिटे डोकावून आल्यावर ते बालरोगतज्ज्ञ बाईंना म्हणतात, "डॉक्टर, पोरीचे हात अगदी गार लागतात. सलाईन एवढे हळू का सोडता?" डॉक्टर उत्तर देतात, "काका, एक भाग देऊन झाला आहे. आता तिची नाडी, छातीतला आवाज आणि यकृत वाढले आहे का, ते पाहते. गरज असेल तरच पुढचा भाग देऊ." आजोबांना हे उत्तर कंजुषीचे वाटते. मालाची निकड असताना कोणी हात आखडता घ्यावा, तसे.

या प्रश्नाचे सर्वांत धक्कादायक उत्तर पूर्व आफ्रिकेतून आले. केनियात काम करणाऱ्या डॉ. कॅथरिन मेटलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनिया, युगांडा व टांझानिया या देशांतील रुग्णालयांत एक मोठी चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावल्याची लक्षणे असलेल्या ३१४१ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले गेले. दोन गटांना आरंभीच्या तासात शिरेतून वेगाने द्रव दिला, एकाला साधे सलाईन व दुसऱ्याला अल्ब्युमिन हे प्रथिन असलेला द्रव. तिसऱ्या गटाला असा वेगाने द्रव दिला नाही. इतर उपचार, प्रतिजैविके, मलेरियाची औषधे, गरजेनुसार ऑक्सिजन हे सर्वांनाच मिळाले. वेगाने द्रव दिल्यास अधिक मुले वाचतील, अशीच अपेक्षा होती. घडले उलट. ४८ तासांत द्रव मिळालेल्या दोन्ही गटांत शंभरांपैकी दहाहून थोडी अधिक मुले दगावली, तर तिसऱ्या गटात सातांहून थोडी अधिक. म्हणजे शंभर मुलांमागे सुमारे तीन मृत्यू जास्त झाले. चाचणीवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीने ठरलेली संख्या पूर्ण होण्याआधीच, २०११ च्या जानेवारीत, नवी मुले घेणे थांबवायला सांगितले. नंतरच्या अभ्यासात असे दिसले की, त्या अधिक मृत्यूंचे मुख्य कारण हृदय व रक्ताभिसरण कोलमडणे हे होते.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, अन्यथा अनर्थ होईल. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडलेली मुले या चाचणीत घेतलीच नव्हती. अशा मुलांना पाणी, क्षारांचे मिश्रण आणि गरज पडल्यास सलाईन दिलेच पाहिजे. शिवाय ती रुग्णालये अशी होती, जिथे श्वसनयंत्राची सोय नव्हती. म्हणूनच २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी दोन वेगळे मार्ग सांगितले. अतिदक्षतेची सोय नसेल आणि रक्तदाब घसरलेला नसेल, तर वेगाने द्रव देऊ नये. सोय असेल, तर थोडा थोडा द्यावा आणि प्रत्येक वेळी मूल तपासून पुढचे ठरवावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतही जंतुसंसर्गाने रक्ताभिसरण ढासळलेल्या ९६ मुलांवर अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला द्रवाचा प्रत्येक भाग पाच ते दहा मिनिटांत दिला, दुसऱ्याला पंधरा ते वीस मिनिटांत. सावकाश द्रव मिळालेल्या मुलांपैकी कमी मुलांना श्वसनयंत्र लावावे लागले. आजोबांना जी दिरंगाई वाटली, तिच्यामागे असा अनुभव उभा असतो.

दुसऱ्या दिवशी नातीचे हिमोग्लोबिन आठवर आल्याचे कळते. बाजारपेठेतील ओळखीची दहा माणसे रक्त देण्यासाठी रुग्णालयाच्या आवारात येऊन उभी राहतात. डॉक्टर म्हणतात, "तिची प्रकृती आता स्थिर आहे, रक्त आज नको." दहा दाते हजर असताना नको म्हणणे, हे त्या दहा जणांना आणि आजोबांना कळत नाही.

या प्रश्नाचा शोध कॅनडातील डॉ. जॅक लाक्रवा आणि सहकाऱ्यांनी घेतला. चार देशांतील १९ रुग्णालयांतल्या ६३७ मुलांवर केलेली त्यांची चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. ही मुले अत्यवस्थ होती, पण स्थिरावलेली होती. एका गटाला हिमोग्लोबिन साडेनऊच्या खाली गेल्यावर रक्त दिले, दुसऱ्याला सातच्या खाली गेल्यावरच. दुसऱ्या गटातील ५४ टक्के मुलांना रक्ताची एकही बाटली लागली नाही. आणि परिणाम? नव्याने अवयव निकामी होण्याचे वा ते बिघडत जाण्याचे प्रमाण दोन्ही गटांत १२ टक्केच राहिले. मृत्यूही दोन्हीकडे सारखे, चौदा आणि चौदा. रक्तस्राव चालू असलेल्या मुलाला किंवा काही जन्मजात हृदयविकारांत हा नियम लागू होत नाही. पण स्थिर मुलाला केवळ आकडा भरून काढण्यासाठी रक्त देण्याचे कारण उरले नाही.

तिसऱ्या दिवशी आजी बोलतात. घरात कोणी उपाशी झोपू नये, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले असते. "पोटात अन्नाचा कण नाही, निदान शिरेतून तरी काही द्या," असे त्या म्हणतात. नाकातून पोटात गेलेल्या नळीने थोडे थोडे दूध चालू आहे, हे त्यांना सांगितले जाते, पण तेवढ्याने त्यांचे समाधान होत नाही.

बेल्जियममधील लूव्हेन, नेदरलँड्समधील रॉटरडॅम आणि कॅनडातील एडमंटन येथील तीन रुग्णालयांनी नेमका हाच प्रश्न विचारला. १४४० मुलांपैकी निम्म्यांना, नळीतून पोटात जाणारे अन्न अपुरे पडत असेल तर, पहिल्या २४ तासांतच शिरेतून पूरक पोषण सुरू केले. उरलेल्यांना ते आठव्या दिवसापर्यंत दिले नाही, जीवनसत्त्वे व खनिजे मात्र दिली. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लवकर पोषण मिळालेल्यांपैकी १८.५ टक्के मुलांना नवा जंतुसंसर्ग झाला, थांबलेल्यांपैकी १०.७ टक्क्यांना. थांबलेली मुले सरासरीने अतिदक्षता विभागातून सुमारे पावणेतीन दिवस आधी बाहेर आली. मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता. दोन वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांची वाढ वा बुद्धी मागे पडल्याचे आढळले नाही. आजींची माया खोटी नव्हती, परंतु गंभीर आजारातील शरीर निरोगी शरीराप्रमाणे अन्न स्वीकारत नाही.

मॉनिटरवरील ऑक्सिजनच्या आकड्याकडे तर सारे घर डोळे लावून बसलेले असते. ९९ दिसले की जीव भांड्यात पडतो, ९१ दिसले की धावपळ होते. ब्रिटनमधील १५ बाल-अतिदक्षता विभागांनी श्वसनयंत्रावर असलेल्या २०४० मुलांवर घेतलेली चाचणी २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. एका गटात हा आकडा ९४ च्या वर ठेवला, दुसऱ्यात मुद्दाम ८८ ते ९२ मध्ये. दुसऱ्या गटाची प्रकृती अंमळ चांगली राहिली. फरक लहान होता, पण तो कमी ऑक्सिजनच्या बाजूचा होता. मेंदूला इजा झालेली आणि दुरुस्त न झालेले जन्मजात हृदयविकार असलेली मुले तिच्यात नव्हती. हा आकडा तज्ज्ञांच्या अखंड देखरेखीखालील मुलांचा आहे. घरी बोटाला यंत्र लावून ९० दिसले, तर ते मूल तात्काळ डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे.

आणि शेवटी आईची विनवणी येते. "नळ्या टोचलेल्या तिला दिसतात हो. तिला गाढ झोपवूनच ठेवा." अमेरिकेतील ३१ विभागांत २४४९ मुलांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिचारिकांनी ठरावीक अंतराने मुलाची स्थिती पाहून गुंगीची औषधे शक्य तितकी कमी केली. त्यामुळे श्वसनयंत्रावरील दिवस कमी झाले नाहीत, हे खरे. पण मुलांना अफूवर्गीय औषधे कमी दिवस द्यावी लागली, आणि यंत्र लावलेले असतानाही ती अधिक वेळ जागी व शांत राहू शकली. जागे मूल म्हणजे घाबरू शकणारे मूल, आणि त्याला ओळखीचा आवाज लागतो. म्हणून जवळच्या नातलगांना रुग्णाजवळ थांबण्याची मुभा द्यावी, असा आग्रह आता अतिदक्षतेतील तज्ज्ञांच्या संघटनाही धरतात.

हे सारे वाचून एखादा व्यवहारी वाचक विचारील, ती कल्पनेतील नात बरी झाली का? या प्रश्नातच एक चूक दडलेली आहे. एका हंगामात नफा झाला म्हणून खरेदीची पद्धत बरोबर ठरत नाही आणि एका हंगामात तोटा झाला म्हणून ती चुकीची ठरत नाही, हे पेढीवरचा जुना माणूस जाणतो. एका मुलाला खूप द्रव दिला आणि ते वाचले, तर ते द्रवामुळे वाचले की द्रव असूनही वाचले, हे एका मुलावरून कोणालाही सांगता येत नाही. कितीही अनुभवी डॉक्टर असला, तरी शंभरातील तीन मृत्यूंचा फरक त्याच्या डोळ्यांना दिसणार नाही. तो दिसण्यासाठी हजारो मुलांची नोंद एकाच पद्धतीने ठेवावी लागते, आणि कोणाला कोणता उपचार द्यायचा हे माणसाच्या मर्जीवर न सोडता नशिबावर सोडावे लागते.

इथे कुटुंबाची खरी कसोटी लागते. डॉक्टर हाती एक कागद देऊन म्हणतात, "या विभागात एक अभ्यास चालू आहे, आपल्या मुलाला त्यात घेऊ का?" बापाच्या मनात पहिला शब्द येतो तो 'प्रयोग'. माझ्या मुलावर प्रयोग? ही भीती अगदी स्वाभाविक आहे आणि तिचा अनादर करणे योग्य नाही. परंतु न तपासलेली रूढीही एक प्रयोगच असते. तिची वही कोणी लिहीत नाही, एवढाच फरक. चांगल्या संशोधनात नोंद होते, बाहेरची समिती मधल्या काळातही आकडे तपासते आणि अपाय दिसला तर काम थांबवते. पूर्व आफ्रिकेत तसेच घडले.

भारतात अशा अभ्यासाला संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता लागते आणि आई-वडिलांची संमती लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, सात वर्षांवरील मूल समजण्याच्या स्थितीत असेल, तर त्याचाही होकार घ्यावा लागतो. नकार दिल्याने उपचारांत कसूर होता कामा नये, आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. जीव वाचवण्याच्या घाईत काही क्षणच हाती असतात, तेव्हा काय करावे, हा कठीण प्रश्न आहे. पूर्व आफ्रिकेतील चाचणीत अशा वेळी आई-वडिलांचा तोंडी होकार घेऊन लेखी संमती नंतर घेतली गेली. ब्रिटनमधील ऑक्सिजनच्या चाचणीत संकट ओसरल्यावर पालकांना विचारले गेले. या पद्धतींवर मतभेद होऊ शकतात आणि ते व्हावेत. पण किलिफीच्या किंवा रॉटरडॅमच्या एखाद्या आईने, स्वतःचे मूल जीवन-मरणाच्या सीमेवर असताना, होकार दिला म्हणून पुढच्या मुलांचे उपचार बदलले, एवढे तरी विसरता येणार नाही.

होकार द्यावा की नकार, हे प्रत्येक घराने ठरवावे. ठरवण्यापूर्वी काही प्रश्न मात्र अवश्य विचारावेत. दोन्ही गटांना नेहमीचे आवश्यक उपचार मिळणार आहेत ना? अपाय झाल्यास जबाबदारी व भरपाई कोणाची? अभ्यास मध्येच थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? संशोधन नसतानाही विचारण्यासारखे काही आहे. 'अजून काय देता येईल?' याऐवजी 'याची आज खरोखर गरज आहे का, आणि न दिल्यास आपण कशावर लक्ष ठेवणार आहात?' असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देणे कोणत्याही चांगल्या डॉक्टरला आवडते. ज्या उपचाराचे कारण सांगता येत नाही, तो देण्याचा आग्रह धरू नये, आणि ज्याचे कारण स्पष्ट आहे, तो खर्चिक आहे म्हणून टाळूही नये. थांबण्याचा निर्णय आणि दुर्लक्ष यांतील फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. थांबणारा डॉक्टर पुनःपुन्हा मुलाजवळ येतो, हात लावून पाहतो आणि काय दिसले ते सांगतो.

कुटुंबानेही आपले काम वाटून घ्यावे. दहा जणांनी दहा वेळा विचारण्यापेक्षा एकानेच डॉक्टरांशी बोलावे, सांगितलेले लिहून ठेवावे आणि तेच सर्वांना सांगावे. आई वा वडिलांपैकी एकाला मुलाजवळ बसू देण्याची विनंती करावी. बसणाऱ्याने मॉनिटरकडे न पाहता मुलाकडे पाहावे, त्याच्याशी घरच्या गोष्टी बोलाव्यात. आणि रक्त द्यायला आलेल्या त्या दहा माणसांनी तसेच परत जाण्याचे कारण नाही. दर काही आठवड्यांनी रक्त घेतल्याविना जगू न शकणारी थॅलेसेमियाची मुले जवळच्या रक्तपेढीवर अवलंबून असतात. एका मुलाला आज ज्या बाटलीची गरज नाही, ती दुसऱ्या मुलाला उद्या सकाळी हवी असते. रक्तपेढीचे दार बहुधा त्याच आवारात असते.